इंग्रजी अमदानीतली चौथी खरंच भारी होती का?

प्रश्न : आमच्याकडं जुनी माणसं सांगतात, ‘इंग्रजाच्या राज्यातली चौथी म्हंजे आताच्या बी.ए.ले भारी.’ माझे आजोबा चौथी शिकलेले होते. पावकीपासून औटकीपर्यंत सारं तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. नातवाला मोबाइल काढल्याशिवाय सतरा आठे किती ते सांगता येत नाही. व्हॉट्सॲपवर रोज वाचतो की इंग्रज येण्याआधी गावोगाव शाळा होत्या आणि मॅकॉलेनं त्या मोडून आपल्याला कारकून केलं. पारावर दुसरा पक्ष म्हणतो, शाळा आणल्याच इंग्रजांनी. आणि वऱ्हाड तर निजामाचं होतं म्हणतात, मग इथं इंग्रजांची शाळा आली कुठून? यातलं खरं किती?
– एक वाचक, भातकुली (जि. अमरावती)

उत्तर : तुमच्या एका पत्रात चार प्रश्न आहेत आणि चारही एकमेकांत गुंतलेले आहेत. एकेक सोडवू. पण पारावर लगेच सांगायला उत्तर हवं असेल तर ते असं : आजोबांची चौथी भारी होती यात शंका नाही, मात्र ती भारी ठरली त्यात शाळेच्या गुणाइतकाच शाळेबाहेर राहिलेल्यांचाही वाटा होता. आणि त्या शाळेचे पैसे बाहेर राहिलेल्यांनीही भरले होते.

राज्य निजामाचं, मग शाळा इंग्रजांची कशी?

वऱ्हाडचं हे त्रांगडं भल्याभल्यांना गोंधळात टाकतं. निजामानं इंग्रजांच्या देखरेखीखालची एक फौज पोसायची होती. तिचा खर्च थकला, कर्ज वाढलं आणि त्यापोटी १८५३ च्या तहानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडं गेला. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. गहाण पडलेल्या वावरासारखीच ही गत. हैदराबादचा रेसिडेंट इथला सर्वोच्च अधिकारी होता. पुढं १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतला, वर्षाला पंचवीस लाख रुपये देण्याच्या बोलीवर. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. म्हणजे नकाशावर तुम्ही निजामाचे राहिलात, पण पाटी-पुस्तकाच्या बाबतीत इंग्रजांच्या हाताखाली गेलात.

याचा फरक केवढा पडला ते पैनगंगेच्या दोन्ही काठांवर पाहावं. पलीकडं मराठवाड्यात निजामाचं प्रत्यक्ष राज्य होतं. तिथं कचेरीची भाषा आधी फारसी, मग उर्दू. मराठी घरातल्या मुलाला वरच्या इयत्तांत उर्दूतून शिकावं लागे, आणि १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. अलीकडं वऱ्हाडात मात्र प्राथमिक शाळा मराठीतून आणि मुसलमान वस्तीसाठी उर्दूतून चालल्या. एकाच निजामाच्या नावावरचे दोन प्रदेश, मध्ये एक नदी, पण दोन्ही काठांवरची शाळा वेगळी.

इंग्रजांच्या आधी शाळा होत्या का?

होत्या. त्यांना गावठी शाळा म्हणत, आणि शिकवणारा पंतोजी. वाड्याच्या ओसरीवर, देवळात किंवा पंतोजीच्याच घरी ती भरे. धुळपाटीवर बोटानं अक्षर गिरवायचं, मग बोरू-दौत हातात यायची. मोडी लिहायला-वाचायला शिकायचं, पाढे घोकायचे, हिशेब आणि पत्रलेखन करायचं. छापील पुस्तक नाही, इयत्ता नाही, परीक्षा नाही. पंतोजीला धान्य, शिधा, सणावारी काही नाणी मिळत. अंगठे धरून उभं राहण्याची शिक्षा तेव्हापासूनचीच. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा करायची, हेही त्या ओसरीवरूनच सरकारी शाळेत आलं आणि अजून टिकून आहे.

पण ‘गावोगाव’ आणि ‘सर्वांसाठी’ हे दोन वेगळे दावे आहेत. मद्रास इलाख्यात तिथला गव्हर्नर मन्रो यानं १८२२ पासून आणि बंगाल-बिहारात विल्यम ॲडमनं १८३५ पासून देशी शाळांची पाहणी केली. दोघांनाही शाळा पुष्कळ आढळल्या. मद्रासकडं काही जिल्ह्यांत ब्राह्मणेतर मुलंही बरीच होती. म्हणून इंग्रज येण्याआधी इथं अंधारच होता, हे म्हणणं टिकत नाही. १९३१ मध्ये गांधीजींनी लंडनमध्ये हाच मुद्दा काढला आणि त्यावरून ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ फिलिप हार्टॉग यांच्याशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. वऱ्हाडात तेव्हा इंग्रजांचा कारभारच नव्हता, म्हणून तशी पाहणी इथं झाली नाही. मराठी मुलखातल्या गावठी शाळेत कोण बसे हे मात्र आपल्याला ठाऊक आहे : ज्याला लिहिण्या-वाचण्यावर पोट भरायचं आहे तो. कुळकर्ण्याचा मुलगा, वाण्याचा मुलगा, सावकाराचा मुलगा, क्वचित पाटलाचा. कुणब्याला नांगराशी काम, त्याच्या पोराला अक्षराची गरज काय, असा सरळ हिशेब. महार-मांगांच्या मुलांना तर ओसरीची पायरीही बंद. मुलींचा विषयच नाही.

मॅकॉलेनं भातकुलीची शाळा मोडली काय?

नाही. मॅकॉले हा कलकत्त्यात गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलचा सभासद. त्याचं शिक्षणाविषयीचं ते प्रसिद्ध टिपण २ फेब्रुवारी १८३५ चं. त्या दिवशी भातकुली निजामाकडं होती. शिवाय त्या टिपणाचा वाद होता तो सरकारचा थोडासा पैसा संस्कृत-अरबीच्या उच्च शिक्षणावर खर्चावा की इंग्रजीच्या, याचा. खेड्यातल्या पंतोजीचा त्यात संबंध नव्हता. मॅकॉलेला इथल्या विद्येबद्दल तुच्छता वाटे, हे त्याच्याच शब्दांत नोंदलेलं आहे, त्यात सारवासारव करण्यासारखं काही नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर मात्र वेगळाच असतो. त्याच तारखेला मॅकॉले ब्रिटिश पार्लमेंटमध्ये उभा राहिला आणि हिंदुस्थानात भिकारी नाही, चोर नाही, म्हणून यांचं शिक्षण मोडून काढा असं बोलला, असं त्यात असतं. हे भाषण बनावट आहे. तो १८३४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १८३८ पर्यंत इथंच होता. कलकत्त्यात बसून लंडनच्या सभागृहात भाषण कसं करणार? पुढच्या वेळी पारावर कोणी तो फोटो दाखवला तर एवढंच विचारा.

‘कारकून केलं’ या म्हणण्यात तथ्य आहे. सरकारला स्वस्तात हाताखालची माणसं हवी होती आणि वरच्या शाळा त्यासाठीच होत्या. पण शिकलेला माणूस शिकवणाऱ्याच्या बेतानं वागतोच असं नाही. त्याच शाळा-कॉलेजांतून वकील होऊन आलेले दादासाहेब खापर्डे आणि रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांनी १८९७ चं काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरवलं. मुधोळकर १९१२ मध्ये बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्षही झाले. स्वदेशीच्या काळात यवतमाळला राष्ट्रीय शाळा निघाली आणि सरकारनं ती चालू दिली नाही. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, तो आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. सरकारी शाळेत जे मिळत नाही ते आपण देऊ, हाच त्यामागचा विचार.

मग सरकारी शाळा आली केव्हा आणि चालायची कशी?

१८५४ च्या वुडच्या खलित्यानं धोरण ठरलं : प्रत्येक प्रांतात शिक्षण खातं, खाली देशी भाषेतून शाळा, वर इंग्रजी आणि खासगी शाळांना अनुदान. वऱ्हाडात स्वतंत्र शिक्षण खातं उभं राहिलं १८६६ मध्ये, आणि डॉ. सिंक्लेअर त्याचे संचालक झाले. वेळ पाहा. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं, त्या चार वर्षांत वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला होता, मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. कापूस, रेल्वे, महसुलाची नवी मोजणी, कोर्टकचेऱ्या, पोस्ट, या साऱ्याला लिहिणारे हात हवे होते. शाळा त्या गरजेतून आली, उपकार म्हणून नव्हे. अकोला आणि अमरावतीला हायस्कुलं झाली, खेड्यांत मराठी शाळा.

पैसा कुठून आला? जमीन महसुलाबरोबर कास्तकाराकडून जी जास्तीची पट्टी घेत, तिचा एक भाग शाळांसाठी असे. ज्याचं पोर शाळेत जातं तोही ती भरी आणि ज्याचं पोर ढोरांमागं जातं तोही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

शाळा म्हणजे एक खोली, एक मास्तर आणि चार इयत्ता. एक वर्ग घोकतो आहे, दुसरा कित्ता गिरवतो आहे, तिसऱ्याचे हिशेब मास्तर तपासतो आहे. वर्षातला मोठा दिवस म्हणजे दिपोटीचा. डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर हे लांबलचक नाव खेड्यानं कधीच ‘दिपोटी’ करून टाकलं होतं. दिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवली जाई, पोरांना धुतलेले कपडे घालून बसवत, पाटलाच्या घरी जेवणाची तयारी होई. वाचून दाखव, शुद्धलेखन घे, नकाशावर नदी दाखव, तोंडी हिशेब सांग. मास्तरची बढती-बदली या एका दिवसावर. त्यामुळं जे दिपोटी विचारणार तेच वर्षभर घोकून घेतलं जाई. परीक्षेपुरतं शिकवणं हा आजचा शोध नाही.

या खात्यातलं एक माणूस ध्यानात ठेवण्यासारखं आहे. विष्णु मोरेश्वर महाजनी अकोल्याच्या हायस्कुलाचे हेडमास्तर होते आणि पुढं वऱ्हाडच्या शिक्षण खात्यात वरच्या पदावर गेले. खात्याचं काम सांभाळून त्यांनी शेक्सपिअरची नाटकं मराठीत आणली, आणि १९०७ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

चौथीच्या पुढं मात्र वाट अवघड. मराठी सातवी म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. ती झाली की मास्तर, पटवारी, पोस्टात नोकरी मिळण्याची शक्यता. इंग्रजी शिकायचं तर अमरावती. मॅट्रिकची परीक्षा आधी मुंबई विद्यापीठाची. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडल्यावर विद्यापीठ अलाहाबादचं झालं. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघालं तेव्हा तिकडं. अमरावतीला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९८३ मध्ये. एकाच घरातल्या चार पिढ्यांची सर्टिफिकिटं चार गावांची असू शकतात. आणि १९२३ मध्ये अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचं विदर्भ महाविद्यालय, निघेपर्यंत कॉलेजसाठी नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बसलं कोण, बाहेर राहिलं कोण?

आता ती पट्टी आठवा. १८८२ मध्ये सरकारनं नेमलेलं हंटर कमिशन पुण्यात आलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं वऱ्हाडालाही तंतोतंत लागू होतं : सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामाचा, आणि खर्च होतो तो वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मास्तर शेतकरी वर्गातून तयार करा, मोडी-बाळबोध, हिशेब, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य शिकवा, ही त्यांची मागणी होती. महार-मांगांची मुलं प्रत्यक्षात सरकारी शाळेत बसू शकत नाहीत, हेही त्यांनी मांडलं.

कागदावर तर शाळा सर्वांना खुल्या होत्या. १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाला सरकारी शाळेनं प्रवेश नाकारला, त्यानं अर्ज केला, प्रकरण वरपर्यंत गेलं, आणि सरकारी शाळेत जातीवरून कोणाला अडवायचं नाही असं धोरण ठरलं. गावात मात्र धोरणापेक्षा पाटलाचा शब्द चाले. पोर आत आलं तरी बसायचं व्हरांड्यात, नाहीतर दाराजवळ आपलं फटकूर टाकून.

मुलींचं काय? पुण्यात सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये शाळा काढली, पण १९०१ च्या खानेसुमारीत साऱ्या हिंदुस्थानात लिहिता-वाचता येणाऱ्या बायका शंभरात एकही भरत नव्हत्या. पुरुष शंभरात दहाच्या आत. वऱ्हाड याहून फार पुढं नव्हता, आणि हे आकडे शिक्षण खातं निघून पस्तीस वर्षं झाल्यानंतरचे आहेत.

कुणब्याच्या घरची अडचण वेगळी. पोर सहा-सात वर्षांचं झालं की ढोरं वळायला कामी येतं. दिवाळीनंतर कापूस फुटला की वेचणीला घरातले सारे हात लागतात. शाळेचं वर्ष कचेरीच्या सोयीनं आखलेलं, शेताच्या नव्हे. नेमक्या वेचणीच्या दिवसांत पटावरची पोरं गायब होत, मास्तर नाव काढून टाकी आणि पुढच्या साली ते पोर पुन्हा पहिलीत बसे, नाहीतर कायमचं सुटे.

इंग्रजांना सक्तीचं शिक्षण माहीत नव्हतं असं कोणी म्हणेल, तर तसंही नाही. स्वतःच्या देशात त्यांनी १८७० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, १८८० मध्ये शाळा सक्तीची केली आणि १८९१ मध्ये फी जवळपास उठवली. इथं गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, तेही जपून, टप्प्याटप्प्यानं. पुढच्याच वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. त्याच सुमाराला एक हिंदी संस्थानिक हे करून मोकळा झाला होता : सयाजीरावांनी बडोद्यात १८९३ पासून प्रयोग करून १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात तोच कित्ता गिरवला. पैसा नाही ही इंग्रज सरकारची सबब होती. जो गोळा होत होता तो कशावर खर्चायचा, हे ठरवणारे वेगळे होते, एवढंच.

मग वऱ्हाडात फरक केव्हा पडला?

ठरवणारे बदलले तेव्हा. १९२० नंतर प्राथमिक शाळा जिल्हा कौन्सिलांच्या ताब्यात आल्या आणि कौन्सिलवर गावची माणसं निवडून जाऊ लागली. त्यांतलं सर्वांत मोठं नाव तुम्हाला ठाऊक आहेच. पंजाबराव देशमुख पापळच्या शेतकरी घरातले, जन्म १८९८ चा. गावात जेवढी शाळा होती तेवढी शिकून झाल्यावर शिक्षणासाठी गाव सोडावं लागणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. कारंजा, अमरावती, पुणे, तिथून एडिंबरो आणि ऑक्सफर्ड. वेदवाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर होऊन १९२६ मध्ये परतले, आणि दोन वर्षांत अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. १९३० मध्ये प्रांताचे शिक्षणमंत्री. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था.

पण मला त्यांच्या कामात सर्वांत नेमकं वाटतं ते अमरावतीचं श्रद्धानंद छात्रालय. कारण कुणब्याच्या पोराची अडचण फक्त शाळेची नव्हती, राहण्या-जेवण्याची होती. भातकुली ते अमरावती आज एस.टी.नं अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. तेव्हा पावसाळ्यात खारपाणपट्ट्याच्या काळ्या मातीत बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. रोज ये-जा अशक्य, आणि शहरात खोली घेऊन पोराला ठेवण्याची ऐपत कोणाची? हायस्कूल दाराशी नसलं तरी चालेल, पण हायस्कुलाच्या दाराशी भाकरी पाहिजे, हे ज्यानं ओळखलं त्यानं अर्धं काम केलं. शिवाय तिथं सर्व जातींची मुलं एका पंगतीला बसत. शाळेच्या व्हरांड्याचा प्रश्न जेवणाच्या पंगतीनं सोडवायला घेतला.

तुमच्याच तालुक्यातलं आणखी एक ठिकाण इथं आलं पाहिजे. ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. पूर्णेच्या काठी तिथं यात्रेकरूंचे हाल होतात हे पाहून गाडगेबाबांनी घाटाचं काम हाती घेतलं, आणि त्यांच्या सार्वजनिक कामाची सुरुवात तिथून झाली असं मानतात. बाबांना स्वतःला अक्षरओळख नव्हती. दापुऱ्याला मामाकडं ढोरं वळण्यात बालपण गेलं, म्हणजे वर सांगितलेल्या बाहेर राहिलेल्यांपैकीच ते एक. आयुष्यभर कीर्तनात ते लोकांना सांगत राहिले की भांडी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला नाव आहे ते त्यांचं.

सरकारी बाजूनंही एक धाडसी प्रयोग झाला. १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. गावानं शाळेसाठी जमीन द्यावी, त्या जमिनीच्या उत्पन्नातून मास्तरचा पगार निघावा. त्याच वर्षी वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली होती, तिचीही छाया या योजनेवर होती. ‘मंदिर’ या नावाला मुस्लिम लीगनं कडाडून विरोध केला. १९३९ मध्ये मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि योजनेनं मूळ धरलं नाही. एका अर्थानं तिचा विचार जुन्या पट्टीच्या उलटा होता : गावाचा पैसा गावातच, आणि शाळेची मालकीही गावाची.

आता आजोबांची चौथी

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मुलांना पाठ असत. हे घोकायचे कशाला? कारण तेव्हाचा सारा व्यवहार पाव-अर्ध्यावर चाले. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक. सात गाड्या कापूस, प्रत्येकीत साडेतीन मण, तर औटकी पाठ असलेला माणूस अडत्याच्या पेढीवर कागद न मागता ‘साडेचोवीस’ म्हणून मोकळा. वरून भाव पावणेदोन आण्यांनी चढला की उतरला, हेही तो मनात धरी. कापूस विकणाऱ्याला फसवणं सोपं असतं, आणि औटकी हे त्याचं त्यावरचं संरक्षण होतं.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढच्या पाच-सहा वर्षांत शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. त्यानंतर औटकीचं काम संपलं. नातवाला ती येत नाही यात त्याचा दोष नाही आणि शाळेचाही नाही. सतरा आठे एकशे छत्तीस न येणं ही मात्र वेगळी तक्रार आहे, ती तुम्ही जरूर करा.

अक्षराचं आणि पाठांतराचं श्रेय जुन्या मास्तरांना दिलंच पाहिजे. छडी होती, कित्ता होता, रोजची उजळणी होती. पण तुलना कोणाशी करतो ते पाहा. आजोबांच्या चौथीत बसलेली पोरं चाळणीवर राहिलेली होती. जी खाली गळाली त्यांच्यात ढोरकी होते, वेचणीला गेलेली पोरं होती, व्हरांड्यातली होती, आणि जवळजवळ सगळ्या मुली होत्या. आज तुमच्या नातवाच्या वर्गात या सगळ्यांची नातवंडं बसतात. सरासरी घसरलेली दिसते त्याचं एक कारण हे आहे. म्हातारी माणसं ‘तेव्हाची चौथी’ आठवतात, कारण चौथी झालेलेच आठवणी लिहून-वाचून सांगू शकले. तुमच्या आजीला विचारलं असतं तर तिनं त्या शाळेबद्दल काय सांगितलं असतं?

यातलं काही तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवून मानायचं कारण नाही. गावातल्या जुन्या जिल्हा परिषद शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असतं. हल्ली जातीच्या दाखल्यासाठी, जुन्या कुणबी नोंदींसाठी लोक त्याच रजिस्टरांपाशी रांगा लावतात आणि आपल्या पणज्याचं नाव सापडलं की फोटो काढून निघून जातात. तुम्ही हेडमास्तरांची परवानगी घेऊन जरा जास्त वेळ बसा. शाळेचं नाव काळानुसार बदललेलं दिसेल : आधी जिल्हा कौन्सिल, १९४८ नंतर जनपद सभा, १९६२ नंतर जिल्हा परिषद. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून किंवा १ जुलै वारंवार दिसली तर नवल मानू नका. आईबापांना तारीख ठाऊक नसे, मास्तर दाखल्याच्या सोयीची तारीख टाकून मोकळा होई, आणि गावातले कित्येक जण एकाच दिवशी जन्मल्याचं सरकारदरबारी नोंदलं जाई.

मग एक साल निवडा, आजोबांचंच निवडा. त्या वर्षी पहिलीत किती नावं दाखल झाली ते मोजा. त्यांतली किती चौथी पास होऊन निघाली ते पुढच्या पानांवर शोधा. बाकीच्यांसमोर खारीज होण्याचं कारण लिहिलेलं असेल, तेही वाचा. मुलींची नावं किती, कोणत्या जातींची पोरं किती वर्षं टिकली, कोणत्या महिन्यात सर्वांत जास्त नावं काढली गेली, एवढं वहीत टिपून घ्या. ‘तेव्हाची चौथी’ या वादाचा निकाल पारावर लागायचा नाही, तो त्या वहीत लागेल. आकडे हाती आले की आम्हालाही कळवा, या सदरात छापू.